लेआउटमधून तलावाकडे जाणारी वाट बंद झाली, तर आधी काय शोधावे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपूरच्या वेशीवरील एका मौजात जुन्या मालगुजारी (म्हणजे पूर्वी गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराच्या) तलावाला लागून तीसेक वर्षांपूर्वी लेआउट पडले. त्यातील दोन प्लॉटांच्या मधून बारा-तेरा फुटांची मोकळी पट्टी तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जाते आणि त्या वाटेने लेआउटमधील लोक, मागच्या वस्तीतील बायाबापडे आणि जाळी घेऊन येणारे ढिवर असे सगळेच आजवर जात-येत होते. गेल्या पावसाळ्यात रहिवासी मंडळाने तेथे लोखंडी फाटक बसवून कुलूप लावले, ‘केवळ रहिवाशांसाठी’ अशी पाटी टांगली आणि आता कोपऱ्याच्या प्लॉटधारकाची कुंपणभिंतही त्या पट्टीत दीड-दोन फूट सरकली आहे. उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी काय, असे तुम्ही विचारले आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीच्या कामावर सत्तावीस वर्षे होतो आणि निवृत्तीनंतर अशा प्रकरणांची कागदपत्रे लावून देण्याचे काम करतो. वकील नव्हे, त्यामुळे दावा कसा लिहावा हे मी सांगणार नाही. परंतु दाव्याला जोडायचे कागद कोठे सापडतात आणि कोणत्या कागदावर प्रकरण उभे राहते, हे पुष्कळ वेळा पाहिले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की याचिका हे पहिले पाऊल नव्हे, आणि तुम्ही दिलेल्या तपशिलात तलावाविषयी बरेच आहे, त्या पट्टीविषयी मात्र जवळजवळ काहीच नाही. खरा प्रश्न पट्टीचा आहे. तलाव सहसा कोणी बळकावू शकत नाही. तो सात-बारावर सरकारच्या नावे उभा असतो, त्याचा खसरा (जमिनीच्या तुकड्याचा) क्रमांक वेगळा असतो आणि पाणी डोळ्यांना दिसते. वाट मात्र कागदावर एका तुटक रेघेपुरती असते आणि एखाद्या सुधारित नकाशात ती रेघ काढायची राहिली की ती गेल्याचे दहा-पंधरा वर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तलाव सरकारचा कसा झाला, हे मात्र थोडे पाहावे लागेल, कारण वाटेचा उगमही तेथेच आहे. पूर्व विदर्भातील हे तलाव कोहळी समाजासारख्या जाणत्या लोकांनी बांधले आणि पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. नागपूर तेव्हा ज्यात होते त्या जुन्या मध्य प्रदेश राज्याचा मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि मालगुजाराचे गावातील हक्क शासनाकडे आले. त्या कायद्याच्या चौथ्या कलमात शासनाकडे येणाऱ्या गोष्टींची जी यादी आहे, तिच्यात तलाव, पाणवठे आणि पाण्याचे पाट यांच्याबरोबर पायवाटांचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि हे लोक सहसा वाचत नाहीत. मात्र त्याच कायद्याने काही अपवादही ठेवले होते. काही तलाव आणि काही जमिनी पूर्वीच्या मालकांकडेच राहिल्या. तुमचा तलाव कोणत्या बाजूचा, हे १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखावरून (जमिनीवर कोणाचा हक्क, याच्या नोंदीवरून) कळेल. तो शासनाकडे आलेला असेल तर पुढील सर्व काम सोपे होते. मालगुजाराच्या वारसाकडे राहिला असेल तर मी खाली जे लिहीत आहे त्यातील निम्मे लागू होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता पट्टी. ती काय असू शकते, याच्या चार शक्यता मला दिसतात आणि प्रत्येकीचा मार्ग वेगळा आहे. ती जुन्या गावनकाशावरील वाट असेल, जिच्या दोन्ही बाजूंना नंतर प्लॉट पडले. किंवा लेआउट मंजूर करताना आखलेला रस्ता असेल. किंवा लेआउटमधील सोडलेल्या मोकळ्या जागेचा भाग असेल. आणि चौथी, सर्वांत अडचणीची शक्यता म्हणजे ती कोणा एका प्लॉटची जमीन असून लोक केवळ मालकाने अडवले नाही म्हणून तेथून जात होते. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून यांतील कोणती खरी, हे मला सांगता येत नाही आणि कोणत्याही वकिलाला सांगता येणार नाही.

पहिली शक्यता तपासण्यासाठी उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून मौजाच्या जुन्या बंदोबस्ताच्या (सारा ठरवण्यासाठी झालेल्या मोजणीच्या) नकाशाची प्रमाणित प्रत मागा. संकेतस्थळावर दिसणाऱ्या नकाशावर विसंबू नका. त्यात खसऱ्यांच्या हद्दी असतात, परंतु बारीक वाटा अनेकदा गळलेल्या असतात. जुन्या नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते, आणि पायमार्गाची रुंदी आमच्या खात्यात सव्वाआठ फूट धरण्याची पद्धत आहे. म्हणजे प्रत्यक्षात आज बारा फूट पट्टी दिसत असली तरी कागदावर तुमच्या हाती सव्वाआठ फूटच येऊ शकते. त्याचबरोबर निस्तार पत्रक (गावातील मोकळ्या सरकारी जमिनीच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये या दोन्ही नोंदवह्यांची तरतूद आहे. वाजिब-उल-अर्जात खासगी जमिनीवरून जाण्याच्या, पाणी घेण्याच्या आणि मासेमारीच्या गावरिवाजांची नोंद होते, त्यामुळे चौथी शक्यता खरी ठरली तरी ती नोंद तुम्हाला आधार देऊ शकते. शहरात सामावलेल्या मौजांची ही कागदपत्रे कधी तहसीलच्या अभिलेख कक्षात, कधी जिल्हाधिकारी कार्यालयात असतात. ‘उपलब्ध नाही’ असे पहिल्या खेपेस उत्तर आले तर लगेच निराश होऊ नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेसाठी मंजूर लेआउटचा नकाशा लागेल. तो नागपूर सुधार प्रन्यासकडे, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे की महापालिकेकडे, हे मौजावर आणि मंजुरीच्या वर्षावर अवलंबून आहे. लेआउट मुळात विनापरवाना असून २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाले असेल तर विशेष काळजी घ्या. मूळ मालकाने प्लॉट विकताना दाखवलेला नकाशा आणि नियमितीकरणाचा नकाशा यांत मी अनेकदा फरक पाहिला आहे, आणि हा फरक नेमका अशा अरुंद पट्ट्यांतच असतो. दोन्ही नकाशे मागा. माहितीच्या अधिकारात केवळ प्रती मागण्याऐवजी नस्तीची (मूळ फाइलीची) प्रत्यक्ष तपासणी मागितली तर अधिक लाभ होतो. नस्तीत मंजुरीच्या अटी, टिपणी आणि कधीकधी पेन्सिलीने काढलेली दुरुस्तीही दिसते, जी प्रतीत उमटत नाही.

यानंतरचा कागद माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे आणि तो बहुतेकांना सुचत नाही. त्या पट्टीला लागून असलेल्या दोन्ही प्लॉटांची सर्वांत पहिली विक्रीपत्रे काढा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नोंदवही कोणाही नागरिकाला पाहता येते आणि तिची नक्कल मिळते. त्यासाठी तुम्ही त्या व्यवहारातील पक्षकार असण्याची गरज नाही. विक्रीपत्राच्या शेवटी मालमत्तेची चतुःसीमा लिहिलेली असते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तलावाच्या प्रकरणात आम्ही नकाशांच्या मागे चार महिने घालवले होते, आणि फाटक बसवण्यात पुढाकार घेणाऱ्या मंडळाचे पदाधिकारी ‘येथे कधी वाट नव्हतीच’ असे प्रत्येक बैठकीत ठामपणे सांगत होते. मग त्यांतील एकांच्याच प्लॉटचे १९८७ चे विक्रीपत्र निघाले. हिरव्या स्टॅम्पपेपरवर टंकलेली चतुःसीमा होती: पूर्वेस प्लॉट क्रमांक अमुक, पश्चिमेस खसऱ्याची हद्द, दक्षिणेस लेआउट रस्ता, आणि उत्तरेस ‘तळ्याकडे जाणारी वहिवाटीची वाट’. त्यांनी स्वतः सही करून घेतलेला कागद होता तो. त्या दिवसानंतर बैठकीतील सूर बदलला. न्यायालयात जाण्याची वेळच आली नाही.

त्याच प्रकरणातील दुसरी गोष्टही सांगतो, कारण ती तितकीशी सुखाची नाही. संयुक्त मोजणी झाली तेव्हा कागदावरची वाट लोक चालत होते त्या जागी नव्हती; ती पाच-सहा फूट बाजूला, आमच्याच बाजूने तक्रार करणाऱ्या एका गृहस्थांच्या न्हाणीघराखालून जात होती. त्यांनी नंतर तक्रारीवरची सही मागे घेतली. तेव्हा मोजणीचा अर्ज करण्याआधी आपल्या बाजूच्या प्रत्येकाने आपापली भिंत पाहून घ्यावी.

लेआउटचा रस्ता म्हणून ती पट्टी आखलेली असेल तर ती सार्वजनिक आहे की मंडळाची खासगी, हा वाद होणारच. मंडळ म्हणेल की रस्ता आमचा, आम्हीच देखभाल करतो. येथे रस्ता महापालिकेकडे सोपवल्याचा हस्तांतरणाचा करार झाला आहे का, हे पाहावे; आणि तो सापडला नाही तरी महापालिकेने त्या रस्त्यावर कधी खर्च केला आहे का, हे तपासावे. महापालिका अधिनियमातील सार्वजनिक रस्त्याच्या व्याख्येत महापालिकेने फरसबंदी केलेले, गटार घातलेले किंवा दुरुस्त केलेले रस्ते येतात. त्यामुळे कार्यादेश, मापपुस्तिका आणि देयक हे तीन कागद एखाद्या जुन्या ठरावापेक्षाही उपयोगी पडतात. पट्टीच्या तोंडाशी पथदिव्याचा खांब असेल तर त्यावर रंगवलेला क्रमांक टिपून घ्या आणि विद्युत विभागाला विचारा की तो कोणत्या वर्षी, कोणत्या कामात उभा राहिला. सार्वजनिक पैशाने दिवा लावला, तर तो कोणासाठी लावला, याचे उत्तर द्यावे लागते.

मोकळ्या जागेचा भाग असेल तर मात्र भाबडी अपेक्षा ठेवू नका. अशी जागा बांधकामासाठी वापरता येत नाही, हे पक्के आहे. बंगळुरूतील उद्यानाच्या आरक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निकालाने रहिवाशांना अशा बदलास आव्हान देण्याचा अधिकारही मान्य केला. परंतु लेआउटची मोकळी जागा त्या लेआउटमधील रहिवाशांसाठी की सगळ्या गावासाठी, हे मंजुरीच्या अटींवर ठरते, आणि तेथे मागच्या वस्तीचा हक्क तुमच्या हक्काहून दुबळा ठरू शकतो.

आता ज्या चुका मी वारंवार पाहतो त्यांविषयी. पहिली म्हणजे चुकीचे दार ठोठावणे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली किंवा मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे रस्त्याचा अर्ज करण्याचा सल्ला सगळेच देतात. या तरतुदी शेताला जाण्याच्या वाटेसाठी आहेत; अकृषिक झालेल्या लेआउटमध्ये तो अर्ज फेटाळला जातो आणि ‘वाटेचा अर्ज फेटाळला’ एवढाच कागद पुढे समोरच्याच्या हाती राहतो. सार्वजनिक वाटेतील अडथळ्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२, म्हणजे पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेतील १३३, हा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोरचा मार्ग आहे. तो त्या मानाने लवकर चालतो, परंतु समोरच्याने सार्वजनिक हक्कच नाकारला आणि त्यासाठी विश्वासार्ह पुरावा ठेवला, तर दंडाधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत थांबावे लागते. म्हणून आधी कागद, मग अर्ज.

दुसरी चूक अधिक नाजूक आहे. एकाच तक्रारीत ‘ही सार्वजनिक वाट आहे’ आणि ‘वीस वर्षांच्या वहिवाटीने माझा सुविधाधिकार झाला आहे’ अशी दोन्ही वाक्ये लिहिली जातात. सुविधाधिकार हा एखाद्या जमिनीच्या मालकाचा दुसऱ्याच्या जमिनीवरील खासगी हक्क असतो. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे त्याला वीस वर्षांचा, आणि सरकारी जमिनीबाबत तीस वर्षांचा, उघड व अखंड वापर लागतो आणि तो काळ दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांपर्यंत पोहोचलेला असावा लागतो, म्हणजे वाट बंद होऊन दोन वर्षांहून अधिक काळ गेलेला चालत नाही. परवानगीने केलेला वापर त्यात धरत नाहीत. तुम्ही सुविधाधिकारावर गेलात आणि जिंकलात, तरी वाट तुमच्या प्लॉटला मिळेल. मागच्या वस्तीला आणि ढिवरांना मिळेलच असे नाही. सार्वजनिक हक्कासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९१ आहे, ज्याखाली दोन किंवा अधिक व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने दावा आणू शकतात, आणि स्वतःचे वेगळे नुकसान दाखवावे लागत नाही. पर्यायी म्हणून दोन्ही मांडता येते, पण ते वकिलाने जाणीवपूर्वक करायचे काम आहे, तक्रारीच्या भरात नव्हे. फाटकाला कुलूप लागल्याची तारीख मात्र आजच पक्की करून ठेवा: छायाचित्र, मंडळाची सूचना, दिलेल्या पत्रावर आवक क्रमांकाचा शिक्का. सगळ्या मुदती तेथून मोजल्या जातील.

तिसरी चूक म्हणजे पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांवर सगळी भिस्त ठेवणे. त्या नियमांतील व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली जलस्थाने वगळली आहेत, आणि मालगुजारी तलाव हा पाळ घालून सिंचनासाठी बांधलेला तलाव आहे. तलावांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचे चांगले निकाल आहेत. नैसर्गिक संपत्ती सरकारकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून असते, हे तत्त्व १९९६ च्या कमलनाथ प्रकरणात मांडले गेले. तिरुपतीच्या दोन तलावांबाबत २००६ साली त्याचा आधार घेतला गेला. आणि पंजाबातील गावतळ्यावरील अतिक्रमणाबाबत २०११ चा जगपाल सिंग निकाल तर सगळेच सांगतात. परंतु हे निकाल तळ्याचे रक्षण करतात. मंजूर लेआउटमधून बारा फुटांची पट्टी कोठून जाते, हे त्यांतून कळत नाही, आणि उच्च न्यायालय याचिकेत अशा वादग्रस्त वस्तुस्थितीत शिरायला सहसा तयार नसते. सरकारी यंत्रणेने नकाशावर स्पष्ट असलेली वाट मोकळी करण्यास लेखी नकार दिला किंवा वर्षभर उत्तरच दिले नाही, तर याचिकेला अर्थ येतो.

कार्यालयांत कोणता मुद्दा चालतो, हेही मोकळेपणाने सांगतो. ‘आम्हाला सकाळी फिरायला जागा हवी’ हे वाक्य मी कोणत्याही अधिकाऱ्याला हलवताना पाहिलेले नाही. ‘गाळ काढायला जेसीबी कोठून नेणार’ हा प्रश्न मात्र हलवतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरल्यापासून नागपुरात पाळ, सांडवा आणि नाला या तीन शब्दांना वजन आले आहे. तुमच्या पट्टीवाचून पाळीपर्यंत यंत्र पोहोचत नसेल तर तसे जलसंपदा किंवा जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडून, तलाव ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडून, लेखी घ्या. तसेच मासेमारीचा ठेका एखाद्या सहकारी संस्थेला दिला असेल तर त्या ठेक्याची प्रत मिळवा. शासनाने पाणी ठेक्याने दिले याचा अर्थ ठेकेदाराने तेथे पोहोचावे, हे शासनाने गृहीत धरले होते. ढिवर संस्थेचे दोन ज्येष्ठ सभासद तुमच्या अर्जावर पहिले सहीदार असावेत, तुम्ही नव्हे. त्यांचे येणे लेआउटच्या आधीपासूनचे आहे. गणपती विसर्जनाचा उल्लेख केवळ जुन्या वापराचा पुरावा म्हणून करा. नैसर्गिक तलावांतील विसर्जनावर आता निर्बंध आहेत आणि ‘विसर्जनासाठी वाट हवी’ असे लिहिले तर अर्ज तेवढ्यावरच अडेल.

मंडळाविषयी तुम्ही बरेच कडू लिहिले आहे. तरीही रात्री पाळीवर बसणारी टोळकी, फुटलेल्या बाटल्या आणि दोन घरांतील चोऱ्या या तक्रारी त्यांनी बनवलेल्या असतील असे मला वाटत नाही. फाटकाला माझा विरोध नसतो. कुलपाला आणि पाटीला असतो. दुचाकी अडेल पण माणूस जाईल असे अरुंद तोंड, यंत्रासाठी उघडता येईल अशी बाजूची झडप, तिची किल्ली महापालिकेच्या झोन कार्यालयात, आणि वेळांची पाटी मंडळाच्या नव्हे तर प्राधिकरणाच्या नावाने: अशी तडजोड मी दोन ठिकाणी झालेली पाहिली आहे. एका ठिकाणी ती टिकली. दुसऱ्या ठिकाणी पाटी मंडळाच्या नावाने लागली आणि दोन वर्षांत वेळ ‘पहाटे पाच ते रात्री नऊ’ वरून ‘सकाळी सहा ते आठ’ वर आली.

भिंतीबाबत मात्र थांबू नका. वाटेच्या कागदांची वाट पाहत असतानाच मंजूर नकाशाबाहेरचे बांधकाम म्हणून तिची स्वतंत्र तक्रार नियोजन प्राधिकरणाकडे आजच करा. त्यासाठी पट्टी सार्वजनिक असल्याचे सिद्ध करावे लागत नाही, भिंत त्या प्लॉटच्या हद्दीबाहेर आहे एवढेच दाखवावे लागते.

दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांवाचून मला पुढे सांगता येणार नाही. तलावाच्या खसऱ्याला दुसऱ्या कोणत्या बाजूने सार्वजनिक रस्ता लागतो का? लागत असेल तर गरजेपोटीच्या वाटेचा, म्हणजे दुसरा मार्गच नाही म्हणून मागायच्या वाटेचा, मुद्दा सोडून द्यावा लागेल आणि केवळ नोंदीवर लढावे लागेल. आणि फाटक बसवण्याचा ठराव ज्या सभेत झाला, त्या सभेच्या उपस्थिती पत्रकावर तुमची सही आहे का, हे मंडळाच्या इतिवृत्तात पाहून कळवा.